भवानी पेठेतून माल्कम पेठेत

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून आपले सेक्रेटरी दोन महिने माझ्या मागे लागले आहेत. संस्थेचा इतिहास लिहायला तिघे जण आधीच बसले आहेत. लिफ्टचा विषय एकाने घेतला, पाण्याच्या टँकरचा दुसऱ्याने. (तो लेख सगळ्यात मोठा होणार हे सांगायला ज्योतिषी नको.) मला म्हणाले, "काका, तुम्ही महाबळेश्वरला राहून आलात ना, त्याच्यावर लिहा. इतिहासाचं पण येऊ द्या थोडं." मी अडतीस वर्षे बँकेत काढली. इन्स्पेक्शनचे रिपोर्ट सोडून दुसरे काही लिहिलेले नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मे २०२३ मध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. मुलाने आणि लेकीने मिळून महाबळेश्वरच्या एका जुन्या, मोठ्या हॉटेलात आमच्या तीन रात्री बुक केल्या. एका रात्रीचे भाडे साडेचौदा हजार. मी म्हटले, एवढ्यात आपल्या संस्थेचा एका मेंबरचा किती महिन्यांचा मेंटेनन्स निघेल, हिशेब करा. सौ. म्हणाली, "हिशेब पुरे. त्यांना करू दे." सोलापुरात त्या आठवड्यात पारा बेचाळीसच्या पुढे होता, म्हणून मीही फार ताणले नाही.

पण माझ्या मनात दुसरेच होते. आमच्या नायनांनी, म्हणजे वडिलांनी, बरोबर साठ वर्षांपूर्वी, मे १९६३ मध्ये, महाबळेश्वर पाहिले होते. ते पाहायला गेले नव्हते. चादरी विकायला गेले होते.

आपली इमारत आज जिथे उभी आहे तिथे पूर्वी पत्र्याचे मागाचे शेड होते हे जुन्या सभासदांना माहीत आहे. त्यात आमचे चार माग. १९६३ च्या उन्हाळ्यात माल उठेना. व्यापारी म्हणे, पावसाळ्यानंतर बघू. घरात खाणारी नऊ तोंडे. नायनांनी पाच डझन चादरींचे गाठोडे बांधले आणि शेजारच्या एकाला बरोबर घेऊन एसटीने निघाले. पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर. मी तेरा वर्षांचा होतो. अकरा दिवसांनी ते परतले तेव्हा धोतर तांबड्या मातीने रंगलेले होते आणि पिशवीत मधाची एक बाटली होती. तो मध आम्ही सात भावंडांनी दिवाळीपर्यंत पुरवला. त्यापलीकडे प्रवासाचे ते काही बोलले नाहीत. बोलणे हा त्यांचा स्वभावच नव्हता.

इतिहासाचे आधी उरकतो, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट, आपले सोलापूर दीड हजार. तिथे पाऊस दोनशे इंचांच्या वर पडतो, आपल्याकडे त्याचा दहावा हिस्सा पडला तरी आपण त्याला चांगले वर्ष म्हणतो. गाव दोन आहेत. जुने ते क्षेत्र महाबळेश्वर. तिथल्या देवळाशी देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे नाव जोडलेले आहे, म्हणजे तेराव्या शतकाचा आरंभ. तिथेच गोमुखातून कृष्णा येते. पुढे हा सगळा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधून काढला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी काय झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. नंतर महाराजांनी गडावर भवानीची स्थापना केली, कारण तुळजापूर तिथून लांब. आपल्याला तुळजापूर एसटीने तासाभराचे. म्हणून गडावर भवानीपुढे उभे राहिल्यावर सौ.ला परक्या गावी आल्यासारखे वाटेना. आमच्या पेठेचीच देवी, म्हणाली.

नवे गाव मात्र इंग्रजांचे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. साताऱ्याच्या फौजेवरचे लॉडविक नावाचे साहेब १८२४ साली डोंगर चढून आज ज्याला लॉडविक पॉइंट म्हणतात तिथवर पोहोचले आणि हवा फार उत्तम आहे, असे त्यांनी वर्तमानपत्रात लिहून कळवले. (हवा उत्तम आहे हे तिथल्या धनगर-कोळ्यांना ठाऊक होतेच, पण ते वर्तमानपत्रात लिहीत नव्हते.) १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथे आजारी गोऱ्या सोल्जरांसाठी आरोग्यधाम काढायचे ठरवले. डोंगर महाराजांच्या राज्यातला, त्यामुळे रीतसर अदलाबदल झाली. १८२९ च्या करारान्वये महाबळेश्वर इंग्रजांकडे आणि त्याच्या बदल्यात वाईच्या बाजूचे खंडाळा गाव महाराजांकडे. (लोणावळ्याजवळचे नव्हे.)

आयुष्यभर तारण आणि मूल्यांकन पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, हा कागद माझ्यापुढे आला असता तर मी सही केली नसती. पण महाराजांचा माल्कमवर लोभ होता. नव्या वसतीला त्यांनीच माल्कम पेठ असे नाव दिले. आजही जुन्या कागदांत ते नाव सापडते. आपली पेठ देवीच्या नावाची, ती गव्हर्नरच्या.

महाराजांचे पुढे काय झाले? दहाच वर्षांत, १८३९ मध्ये, इंग्रजांनी त्यांच्यावर कटाचा आरोप ठेवून त्यांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे दारोदार अर्ज घेऊन फिरले. उपयोग झाला नाही. महाराजांच्या जागी धाकटे बंधू आप्पासाहेब आले. त्यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला, ज्यात आज आपण तासाचे पैसे भरून नावेत बसतो. १८४८ मध्ये तेही गेले, औरस वारस नव्हता, दत्तक मान्य केला नाही, राज्य खालसा. खंडाळाही गेले आणि महाबळेश्वरही गेले.

त्यानंतर शंभर वर्षे टेकडीवर साहेबाचे राज्य. मुंबईचे अख्खे सरकार दफ्तरासह उन्हाळ्यात वर यायचे. आगगाडीने वाठार स्टेशन, तिथून टांग्याने वाई आणि पसरणीचा घाट. चिनी आणि मलायी कैदी आणून इथल्या तुरुंगात ठेवले होते, १८६४ पर्यंत. त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. चायनामन फॉल नाव त्यांच्यावरून पडले. गंमत अशी की तिथल्या पॉइंटांना गव्हर्नरांची, सेनापतींची नावे, आणि त्यांच्यात हा एक धबधबा कैद्यांच्या वाट्याला आला आहे. तोही नावाने नाही, जातीने.

सुरुवातीला हॉटेले नव्हती. तंबू, मग बंगले. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, पावसाळ्यात भिंतींना गवताचे जाड पडदे. बंगला बांधायची ऐपत नसलेल्या किंवा दोन आठवड्यांपुरते येणाऱ्या साहेबांसाठी पुढे हॉटेले निघाली. आम्ही उतरलो ते त्याच घडणीचे. व्हरांड्यात वेताच्या आरामखुर्च्या, जेवणाच्या हॉलमध्ये शेकोटीची जागा, भिंतीवर घोड्यांच्या शर्यतीचे फोटो. सगळ्या फोटोंत पुढे साहेब-मडमा बसलेल्या आणि मागे फेटेवाले बेअरर उभे. बसलेल्यांची नावे खाली छापली आहेत.

सेवेबद्दल तक्रार नाही. पोरगा सामान घेऊन गेला, कोकमाचे सरबत आले. खोली एवढी मोठी की आपल्या बी विंगचा एक फ्लॅट मावेल. पलंग उंच, सौ.ला चढायला स्टूल मागावे लागले. रात्री आठलाच गारवा सुटला आणि मी मे महिन्यात स्वेटर घातला, याचे मला स्वतःलाच हसू आले. बाथरूममध्ये सहा टॉवेल घडी करून ठेवलेले. सौ.ने एक उचलला, उलटा केला, काठावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आपलाच आहे." लग्नाआधी ती माहेरी टॉवेलचे काठ शिवायची, डझनावर पैसे मिळायचे. लेबल काही नव्हते. मी मॅनेजरांना विचारले, तर ते म्हणाले, माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येतो. सौ.ला त्याने फरक पडला नाही. तिन्ही दिवस तिने तो टॉवेल घडी मोडू न देता बाजूला ठेवला.

आता वहीबद्दल.

नायना १९९१ मध्ये गेले. त्यांच्या पेटीत उधारीच्या चार वह्या निघाल्या, तेलुगू अक्षरात. आम्ही घरी तेलुगू बोलतो, पण मी शिकलो मराठी शाळेत, मला ती लिपी येत नाही. सौ. तेलुगू शाळेत शिकलेली. एका रविवारी तिने वह्या वाचून दाखवल्या आणि त्यांत १९६३ चे पान आले. "महाबळेश्वर. १ डझन चादर. दर ७ रु. २५ न.पै. एकूण ८७. आले ५०. बाकी ३७." पुढे एका हॉटेलचे नाव. ते मी इथे देत नाही, त्याची गरज नाही.

नायनांबरोबर गेलेले शेजारी तेव्हा हयात होते. मी त्यांच्याकडे जाऊन विचारले, आणि तेव्हा सगळे कळले. दोघे गाठोडी घेऊन त्या हॉटेलच्या फाटकावर गेले. वॉचमनने पुढून सोडले नाही, मागे मुदपाकखान्याकडे जा म्हणाला. तिथे बटलरने एक डझन चादरी ठेवून घेतल्या, पन्नास रुपये दिले, उरलेले सीझन संपल्यावर या आणि घेऊन जा म्हणाला. सोलापूरहून सदतीस रुपयांसाठी परत जायचे तर एसटीच्या भाड्यातच ते संपले असते. त्या रात्री दोघे एसटी स्टँडवर झोपले. गाठोड्यात चार डझन चादरी होत्या. शेजारी म्हणाले, "मी एक काढतो म्हटलं, तर तुझ्या नायनाने हात धरला. घडी मोडली की नवी म्हणून विकता येत नाही. रात्रभर कुडकुडत बसलो, गाठोड्याला टेकून."

हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळले. तोवर मी दोनदा महाबळेश्वरला जाऊन आलो होतो, एकदा ऑफिसच्या ट्रिपबरोबर आणि एकदा एलएफसी घेऊन. स्टँडवर भजी खाल्ली होती.

तर २०२३ ला दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हॉटेल शोधायला निघालो. सौ. म्हणाली, "मिळालं तर काय करणार? सदतीस रुपये मागणार?" मी हिशेब केलेला होताच. सहा टक्के चक्रवाढीने साठ वर्षांत सदतीसचे सुमारे बाराशे वीस होतात. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात तेवढ्यात दोघांचे रात्रीचे जेवणही झाले नसते. मी कुणाकडे मागणार नव्हतो. फक्त फाटक पाहायचे होते.

बाजारात दोन-तीन म्हाताऱ्या दुकानदारांना विचारले. चणे-फुटाण्याच्या दुकानातल्या एकाने जागा सांगितली. हॉटेल केव्हाच पडले. आता तिथे नवी इमारत आहे, पार्किंग आहे, मालक दोनदा बदलले. फाटकाचा जांभ्याचा एक खांब तेवढा उभा होता, त्यावर डिश केबलची तार गुंडाळलेली. मी तिथे पाच मिनिटे उभा राहिलो. एका पोराने येऊन विचारले, रूम पाहिजे का, काका?

परत येताना आणखी एक गोष्ट दिसली, ती सोलापूरकरांनी ऐकावी अशी आहे. तिथे मोरारजी कॅसल नावाचा एक वाडा आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात महात्मा गांधी तिथे मुक्कामाला होते, हे तिथले गाइड सांगतात. मोरारजी कोण ते सांगत नाहीत. ते घराणे शेठ मोरारजी गोकुळदासांचे. सोलापूरची जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १८७७ साली सुरू झाली ती यांनीच उभी केलेली. त्यांचे नातू शांतिकुमार हे गांधीजींच्या निकटचे.

१८७७ म्हणजे मोठ्या दुष्काळाचा काळ. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. नलगोंड्याकडून आमचे पणजोबा त्याच सुमारास सोलापूरला चालत आले आणि जुन्या गिरणीत लागले असे घरात सांगत. आपल्या संस्थेतल्या निम्म्या घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. गिरणीचा भोंगा, मग कुणी कुणी घरात हातमाग टाकले, मग यंत्रमाग, मग आमच्यासारखी पोरे बँकेत, एलआयसीत, शाळेत. भोंग्याच्या मालकाचे घराणे उन्हाळ्यात कुठे राहायचे, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नसावा. मलाही तिथे जाईपर्यंत पडला नव्हता. गिरणीने आमच्या घराला चार पिढ्या अन्न दिले, हे मी नाकारत नाही. तरीही वाड्यासमोर उभे राहून मी पणजोबांच्या पगाराचा हिशेब मनात करू लागलो, ही खरी गोष्ट. सवय जात नाही.

आणि तारखाही मनात येतातच. १२ मे १९३० ला सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. बाहेर पडायची चोरी, घरांवर राष्ट्रीय झेंडे लावायची बंदी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिले. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. मे म्हणजे माल्कम पेठेतल्या सीझनचा ऐन महिना. हॉटेलच्या भिंतीवर शर्यतीचा एक फोटो १९३० चा होता. मी चष्मा लावून खालचा मजकूर वाचला. ट्रॉफी कुणी जिंकली तेवढे लिहिले होते.

शेवटच्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. गोमुखापुढे सौ.ने घरून आणलेली बिसलेरीची रिकामी बाटली भरली. मी म्हटले, आपल्याकडे टँकर येतो, हे पाणी कशाला? ती म्हणाली, "हीच कृष्णा पुढे नागार्जुनसागरला जाते. आपल्या गावाकडे." नकाशा मला पाठ आहे, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आपण पितो ती भीमा, उजनीची. ती भीमाशंकरला उगम पावते आणि खाली रायचूरजवळ कृष्णेला मिळते. पणजोबा ज्या नदीच्या मुलखातून चालत आले, तिचे मूळ या डोंगरात. नायना १९६३ मध्ये या देवळापर्यंत आले होते की नाही, हे शेजाऱ्यांना मी विचारले नाही. आता तेही नाहीत.

चेकआउटच्या वेळी हॉटेलने अभिप्रायाची वही पुढे केली. आधीच्या पानांवर "ऑसम स्टे" वगैरे. मी मराठीत लिहिले: "व्यवस्था उत्तम. टॉवेल सोलापूरचे असावेत असे माझ्या पत्नीचे मत आहे. पलंगाजवळ स्टूल ठेवावे." मॅनेजर हसले आणि पुढच्या दाराने टॅक्सीपर्यंत सोडायला आले. सौ. त्या पायऱ्या फार सावकाश उतरली. गुडघे दुखतात तिचे, पण त्या दिवशी तेवढेच कारण नसावे.

ही वही मी रौप्यमहोत्सवाच्या दिवशी खाली हॉलमध्ये टेबलावर ठेवणार आहे. ३७ रुपयांच्या पानाला खूण म्हणून सुतळी घातली आहे, ती काढू नये. सभासदांपैकी कुणाच्या घरी मागाच्या, उधारीच्या, सुताच्या हिशेबाच्या जुन्या वह्या असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी बी विंग, दुसऱ्या मजल्यावर आणून द्याव्यात. तेलुगू वाचायला सौ. संध्याकाळी पाचनंतर मोकळी असते.